एक वर्ष उशिरा

भूमजवळची वस्ती
२४ नोव्हेंबर २०२३

गजरा,

ही चिठ्ठी सांगणारी मी हाय आणि लिहिणारी तुझी हर्षाली. मला वाचता येतं, पण लिहायला बसलं की जोडाक्षरापाशी हात अडतो. पाचवीतली पोरगी घरात असताना म्या कशाला कागद खराब करायचा.

फोन का लावत न्हाय म्हणून मनात काही आणू नको. मागल्या आठवड्यात हिच्या बाबांच्या, बब्रुवानच्या फोनवर तुझा आवाज ऐकला आणि ही दिवसभर जेवली न्हाय. तवाच म्या ठरवलं, फोन नको, चिठ्ठी बरी. चिठ्ठी उशाखाली ठेवता येती. तुमच्या कारखान्याच्या तळावरच्या किराणा दुकानाचा पत्ता बब्रुवाननं सांगितला, तिथं धाडती.

आमच्या गावात त्या संस्थेच्या बाया येऊन गेल्या, ते तुला जाताना बोलले होते. खरंच पैसे आले गं. माझ्या नावच्या खात्यात. कशाला वापरणार ते कुणी विचारलं न्हाय, आणि परत बी द्यायचे न्हायत. तुझे दाजी म्हणले, "फुकट कोण देतं? मागनं काहीतरी मागतीलच." बरेच दिवस त्यांनी पैशाला हात लावू दिला न्हाय. मग मीच म्हणले, यंदा ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल घेतली न्हाय, हे बी तसंच ठेवून खायचं काय? भूमच्या बाजारातनं म्हैस आणली. काळीभोर हाय, कपाळावर पांढरा ठिपका. दाजी आता तिच्यापाशीच झोपतात.

लग्न झाल्यापासून दिवाळीनंतर मी घरात राहिलेली ही पहिलीच खेप. पहाटं जाग येती, वाटतं फडात जायला उशीर झाला. उठून बसती. मग आठवतं. तू तिकडं एकलीच उठली असशील, असं मनात येतं आणि पुन्हा डोळा लागत न्हाय.

तुझी आक्का, द्वारका

आई, हे मी माझ्या मनानं लिहिते. मावशी वेणी लई घट्ट घालते. तू सैल घालायचीस. बाईंनी विचारलं, यंदा मार्चपर्यंत शाळेत राहणार का? मी हो म्हणाले. हो ना?
— हर्षाली


कारखान्याचा तळ, कृष्णाकाठ
१२ डिसेंबर २०२३

आक्का, आणि माझी हर्षा,

चिठ्ठी पोचली. दुकानदारानं हाक मारून दिली. तळावरच्या बाया विचारायला लागल्या, कुणाची चिठ्ठी? म्या म्हणलं, माझ्या लेकीची. अक्षर बघून एकजण म्हणली, मास्तरीण होईल ही.

हर्षा, हो. मार्चपर्यंत शाळा. एक दिवस चुकवायची न्हाय. वेणी घट्ट असली म्हणून रडायचं न्हाय, मावशी केस जपती तुझे. इथं कोपी चांगली झालीय. बाबांनी उसाच्या वाढ्याचं छप्पर जाड केलं, वारा लागत न्हाय. शेजारची बाई मायाळू हाय. माझा पाय फडात मुरगळलाय, म्हणून मी डोक्यावर मोळ्या घेत न्हाय, नुसती तोडती. शेजारीण माझ्या मोळ्या बांधून देती. काळजीचं काही न्हाय. थंडीनं भूक मात्र लई लागती यंदा.

आक्का, म्हैस घेतलीस ते लई चांगलं केलं. बब्रुवान म्हणत होते, तुझ्या आक्काचं नशीब उघडलं. आमच्या गावात त्या बाया का आल्या न्हाईत कुणास ठाऊक. येरमाळ्याच्या रस्त्यानंच तर गेल्या असतील तुमच्याकडं. असू दे. तुझं झालं म्हणजे माझं निम्मं झालं.

पहाटं उठत जाऊ नको. माझ्यासाठी बी थोडी झोप.

गजरा


भूमजवळची वस्ती
८ जानेवारी २०२४

गजरा,

पाय बरा झाला का? एरंडाची पानं गरम करून बांध.

इकडची खबर अशी, की पैशाचा दुसरा हप्ता बी आला. तवर मी दूध शेजारच्या सिद्धारामच्या भट्टीवर घालत होते. तो खवा करून बाजारात न्यायचा आणि आम्हाला दुधाचा भाव द्यायचा. म्या त्याच्या बायकोपाशी बसून सगळं बघून घेतलं. आता अंगणात आपली भट्टी हाय. मोठी कढई आणली, दाजींनी चुलवण लिंपलं. तुराट्याचा जाळ घालायचा आणि उलथन्यानं एकसारखं हलवत राहायचं, हात थांबला की खवा लागतो. पहिला घाणा जळाला. दाजींनी दुसरं दूध आणून दिलं. आता पेढेवाला दारात येऊन घेऊन जातो. तुला खोटं वाटंल, पण काल दाजींनी मला विचारलं, "द्वारका, औंदा आपण काय घ्यायचं?" आजवर त्यांनी मला कधी असं विचारलं न्हवतं.

हर्षालीचं अंग भरलंय. कढईला लागलेली खरवड तिच्यासाठी ठेवती, ती वाट बघत बसती. रोज पेलाभर दूध पिती. गालाला रंग आलाय, तू आलीस तर ओळखणार न्हाईस. परवा झोपेत मला आई म्हणली. म्या तिला हलवलं न्हाय.

संक्रांतीला तुझ्या नावानं तिळाचे लाडू देवापुढं ठेवीन.

द्वारका

आई, मी तुला आईच म्हणते. झोपेत कसं म्हणाले मला माहीत नाही. खरवड फार छान लागते. तुझ्यासाठी डब्यात ठेवली होती, पण तिला बुरशी आली.
— हर्षाली


कारखान्याचा तळ
२१ जानेवारी २०२४

आक्का,

तुझी चिठ्ठी मिळाली.

मला दुधाचं लिहीत जाऊ नको. म्हशीचं नको, खव्याचं नको. तुझ्या घरात दूध उतू चाललंय ते मला इथं कोपीत बसून ऐकायचं न्हाय.

हर्षालीला आई म्हणायची सवय लागली असंल तर लागू दे. तशी बी मी तिला काय देती?

काही दिवस चिठ्ठी धाडू नको. मी बी लिहिणार न्हाय.

गजरा


भूमजवळची वस्ती
४ फेब्रुवारी २०२४

गजरा,

ही चिठ्ठी मी माझ्या हातानं लिहिते. चुका होतील. धाडू नको म्हणालीस तरी धाडते. ही एकच.

तुझी चिठ्ठी हर्षालीनं मोठ्यानं वाचली. आपलं असंच ठरलं होतं, ती वाचणार आणि मी ऐकणार. मधेच थांबली. मग शेवटपर्यंत वाचली. त्या दिवसापासून दूध तोंडाला लावत न्हाय. खरवड दिली तर कुत्र्याला घालती.

मी तुझं काय वाईट केलं? आपण दोघींनी एका कोपीत दिवस काढले. माझ्या वाट्याला काही चांगलं आलं तर तुला सांगू न्हाय तर कुणाला सांगू? गावातल्या बाया जळतात, त्यांचं मला काही वाटत न्हाय. पण तू जळशील असं वाटलं न्हवतं.

पोरगी तुझी हाय. मी ठेवून घेतली न्हाय. तिच्या शाळेसाठी तूच ठेवून गेलीस.

झालं. लिहून हात दुखायला लागला.

द्वारका


कारखान्याचा तळ
१० मार्च २०२४

आक्का,

ही चिठ्ठी डाकेनं न्हाय, आपल्याकडच्या गाडीच्या ड्रायव्हरबरोबर धाडती. त्याला सांगितलंय, तुझ्याच हातात द्यायची. हर्षालीला वाचू देऊ नको. एकली असशील तवा वाच.

माझा पाय मुरगळला न्हवता. गाडीत बसले तवा मला चौथा महिना होता. तुला सांगितलं असतं तर तू जाऊ दिलं नसतं, आणि मुकादमाची उचल तर घेऊन झालेली. बब्रुवान म्हणले, सातव्या महिन्यापर्यंत तोड होईल, मग तू कोपीत बस, मी एकटा ओढीन. मला बी वाटलं, होईल. हर्षालीच्या वेळंला बी असंच झालं होतं. चिठ्ठी हर्षाली वाचणार, म्हणून पायाचं लिहिलं.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी फडातच पोटात दुखायला लागलं. वेळ झालेली न्हवती. मी वाकून तोडत होते, वाटलं पाठ भरली असंल. मग खालीच बसले. शेजारच्या बाईनं साडी धरून आडोसा केला. मुलगी झाली. एवढीशी, आक्का. माझ्या दोन हातांत मावून वर जागा राहील एवढी. पण रडली. सगळ्यांनी ऐकलं तिचं रडणं. बब्रुवान गाडी आणायला पळाले. गाडी उसानं भरलेली, ती कारखान्यावर खाली झाल्याशिवाय निघंना. दुसरी गाडी मिळायला दुपार झाली. म्या तिला पोटाशी धरून पदरात गुंडाळलं होतं. रस्त्यात मी बोलत होते तिच्याशी. दवाखान्याच्या दारात नर्सनं तिला घेतलं आणि माझ्याकडं बघितलं.

परत येऊन त्याच वावराच्या बांधावर तिला ठेवली. करंजाचं झाड हाय तिथं, विहिरीच्या अलीकडं. नाव ठेवलं न्हाय. मालकाला विचारलं न्हाय, रात्र व्हायच्या आत बब्रुवाननं खड्डा घेतला.

त्यानंतर चारपाच दिवसांनी तुझी चिठ्ठी आली. मला ताप होता आणि अंगाला दूध येत होतं, आक्का. पदर भिजायचा. पिणारं कुणी न्हाय. शेजारीण म्हणली, पिळून टाक न्हायतर गाठी होतील. मी कोपीच्या मागं जाऊन मातीत पिळत होते, आणि तुझ्या चिठ्ठीत हर्षाली लिहिती, रोज पेलाभर दूध.

मी जळले न्हाय गं. तुझ्या घरात दूध हाय म्हणून माझी हर्षाली धड हाय, एवढं मला कळतं. पण त्या दिवशी दूध हा शब्दच मला सोसला न्हाय.

आठ दिवसांनी पुन्हा फडात गेले. आता पट्टा पडायला आलाय, हंगाम संपत आला. महिनाअखेर येऊ. हर्षालीला काही सांगू नको. मी आल्यावर सांगीन.

गजरा


भूमजवळची वस्ती
१६ मार्च २०२४

गजरा,

ड्रायव्हर आला तवा भट्टी पेटलेली होती. चिठ्ठी तिथंच उभ्यानं वाचली. हात थांबला. सगळं दूध लागलं. दाजी पळत आले. चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. त्यांनी वाचली आणि जाळ विझवला. म्हशीपाशी जाऊन बसले. सांजंपर्यंत उठले न्हाईत.

मी तुला काय काय लिहिलं. ती चिठ्ठी जाळून टाक.

हर्षाली शाळेतनं आली, म्हणाली भट्टी का बंद हाय? म्या म्हणलं तुराट्या संपल्या. ती आईची चिठ्ठी आली का विचारत होती. म्या म्हणलं आली, आई महिनाअखेर येती. मग तिनं आपल्या हातानं दूध घेतलं आणि प्यायली.

दाजी तुला आणायला येणार हायत. गाडीत मागं बसून यायचं न्हाय. येरमाळ्याला जायच्या आधी इथं यायचं. उन्हाळाभर इथं राहायचं. बब्रुवान पाहिजे तर बब्रुवान बी राहू दे.

मला जास्त लिहिता येत न्हाय.

तुझी आक्का


येरमाळा
२० नोव्हेंबर २०२४

आक्का,

दिवाळीला भेटलो तवा पुष्कळ बोललो, पण दाजी, बब्रुवान, हर्षाली सगळे भवती होते. एक गोष्ट राहिली. फोनवर सांगायला तोंड उघडत न्हाय. मागल्या वर्षापासून मला मनातलं कागदावरच सांगता येतं.

दुकान चालू झालंय. देवीच्या रस्त्याला पत्र्याची टपरी, तू बघितलीस तीच. नारळ, हळद-कुंकू, आणि तुझ्या खव्याचे पेढे. दाजी एसटीत डबा ठेवून देतात, तो ताजाच पोचतो. पेढे वळताना बब्रुवान बी बसतात. त्यांचे हात कोयत्याचे, पेढा वाकडातिकडा होतो. मंगळवारी आणि शुक्रवारी गर्दी असती. यंदा मुकादम दारात आला होता. बब्रुवाननं त्याला चहा पाजला आणि म्हणले, यंदा न्हाय. पुन्हा आत येऊन लई वेळ भिंतीला टेकून बसले.

संस्थेच्या बाईला म्या विचारलं होतं, यंदा आमच्या गावात बी पैसे मिळाले त्या दिवशी. "ताई, मागल्या वर्षी आमचं गाव का घेतलं न्हाय?" माझ्या लेकराचं तिला काही ठाऊक न्हवतं. सरळ म्हणाली, "मावशी, एका वर्षात एवढीच गावं होत होती. तुमचं यंदाच्या यादीत होतं." तिचा काय दोष. म्या तिला चहा दिला. पण ती गेल्यावर मी मोजत बसले. तुझ्या गावापासून माझं गाव किती लांब, आक्का? सकाळी निघालं तर दुपारच्या आत पोचतो माणूस. तेवढ्या वाटेला त्यांना एक वर्ष लागलं.

परवा गाड्या गेल्या. आपल्या गावच्या टोळ्या टपरीसमोरनंच गेल्या. भांडी, गोधड्या, पोरं, वर बसलेल्या बाया. मला बघून हात हलवला. एक ओरडून म्हणाली, "सुटलीस गं गजरा." मी बी हात हलवला. गिऱ्हाईक नारळ मागत होतं, मला ऐकू आलं न्हाय.

मला आनंद व्हायला पाहिजे होता. हर्षाली शाळेत जाती, माझ्याजवळ झोपती, मी तिची वेणी घालती. कोपी न्हाय, फड न्हाय. देवानं आणि त्या बायांनी दिलं ते मी नाकारत न्हाय. पण आक्का, ती तिथं एकली हाय. दरवर्षी आपण जात होतो तवा निदान त्या बाजूला जाणं होतं. यंदा मी गेले असते तर तोडीला त्या वावरात गेले असते, झाडाखाली बसले असते. आता कोण जाणार? ऊस पुन्हा डोक्याएवढा झाला असंल. दुसऱ्या कुणाची टोळी तिथं उतरंल, बांधावर भाकरी खाईल, त्यांना काय ठाऊक. मी घरी राहायला शिकले आणि तिला मागं सोडून आले, असं वाटतं. बब्रुवानला बोलले. ते म्हणले, "विसर आता." मग रात्री म्या त्यांना रडताना ऐकलं. पुन्हा काढलं न्हाय.

हर्षालीला उन्हाळ्यात सांगितलं ते तुला ठाऊकच हाय. ती कधी कधी विचारती, बहीण कशी दिसत होती? मी म्हणती, तुझ्यासारखी. खरं तर मला नीट आठवत न्हाय. मी तिच्याकडं बघण्याऐवजी सारखी रस्त्याकडं बघत होते, गाडी येती का म्हणून.

तुला उगी त्रास. पण सांगितल्याशिवाय राहवलं न्हाय.

गजरा


भूमजवळची वस्ती
२७ नोव्हेंबर २०२४

गजरा,

चिठ्ठी वाचली. दाजींना वाचून दाखवली. आता जोडाक्षरं लिहायला जमतात, हर्षालीनं उन्हाळ्यात शिकवली.

विसर असं मी तुला म्हणणार न्हाय.

म्या एसटी स्टँडवर जाऊन विचारून आले. इथनं बार्शी, तिथं गाडी बदलायची, पुढं पुन्हा एक बदलायची. सकाळी निघालं तर दिवस मावळायच्या आत पोचतो. आपण इतकी वर्षं गेलो, पण दर खेपंला गाडीत मागं, उसाच्या वाटेनं, रात्रीच्या थंडीत. खिडकीपाशी बसून तो रस्ता आपण कधी बघितलाच न्हाय.

येत्या रविवारी तू भूमला मुक्कामाला ये, सोमवारी सकाळी निघू. बब्रुवानला टपरीवर बसव, पेढे वाकडे झाले तरी विकतात. दाजी म्हणले, दोन दिवस धार मी काढतो, भट्टी बंद राहू दे. पेढेवाल्याला सांगून ठेवलंय. तिकिटाचे पैसे माझ्या खव्याचे. तू काढायचे न्हाईत. उचल न्हाय ती, फेडायची न्हाय.

वावराच्या मालकाला दाजींनी फोन लावला होता. भला माणूस निघाला. म्हणला, करंज अजून हाय, विहीर बी हाय, पण बांध पावसाळ्यात ट्रॅक्टरनं सारखा केला. नेमकी जागा सापडंल का, त्याला सांगता आलं न्हाय. हे आधीच सांगती, तिथं गेल्यावर तुला धक्का बसू नये म्हणून. जागा सापडली न्हाय तर झाडाखाली बसू. तिथंच कुठंतरी ती हाय, एवढं तर खरं हाय.

हर्षाली यायचं म्हणंल. येऊ दे. तिची बहीण हाय.

बांधावर ठेवायला काय न्यायचं, याचा विचार करत होते. फुलं सुकतात. साखर मुंग्या नेतात. मग वाटलं, दूध नेऊ. आपल्या म्हशीचं, सकाळच्या धारेचं, बाटलीत घालून. तुला चालंल का ते तू ठरव. नको म्हणलीस तर नेणार न्हाय.

रविवारी रात्री भाकरी करून ठेवू, वाटंत खाऊ.

आक्का